पिवळ्या झग्यातला फोटो

हॉलो बेंड, आर्कान्सा
९ ऑक्टोबर १९९६

प्रिय नोरीन,

तुझं पत्र मिळालं. मेम्फिसला कॉलेजात जाऊनही अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखंच. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा माझ्या चुका काढत बसू नकोस.

त्या जुन्या रेकॉर्डवरचे मडकॅट्स कोण होते, विचारतेस. माझा भाऊ डॉइल गायचा, आणखी दोघे गिटार नि ड्रम बडवायचे, आणि पियानोवर इझेल. आई म्हणायची, "कुंपणात डुक्कर अडकल्यासारखं गाणं." पण शनिवारी दुपारी रेडिओवर त्यांचा अर्धा तास लागला, की पीठ मळताना तीच ठेका धरायची. सगळा परगणा त्या पियानोवर नाचायचा. इझेल काळा आहे, हे आम्हा घरच्यांनाच ठाऊक. रेडिओवर रंग दिसत नाही, म्हणून चाललं होतं.

तुझा आजा हार्लन तेव्हा शेरीफच्या हाताखाली नवा लागला होता आणि माझ्यामागे होता. म्हणायचा, "आर्डिथ, तो पियानोवाला आपल्या लग्नात पाहिजे बघ." मी हे इझेलला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यांना सांगा बाईसाहेब, माझा भाव परवडायचा नाही."

सत्तावन्नच्या ऑगस्टात त्यांची रेकॉर्ड निघाली. एकच निघाली. डॉइलनं फोटो काढून घेतला आणि बजावलं, "हा घराबाहेर जाता कामा नये." फोटोत मी पण होते. नवा पिवळा झगा, पियानोला टेकून उभी, हात इझेलच्या खांद्यावर. अठरा वर्षांची होते. एवढं रूप काय पेटीत ठेवायचं? गुपचूप साप्ताहिकाला एक प्रत पाठवली. गुरुवारी त्या मेल्या संपादकानं मुद्दाम पहिल्या पानावर छापला. शुक्रवारी तुझा आजा आला, मी भाजलेला पीच पाय खाल्ला आणि म्हणाला, "झगा छान आहे." एवढंच.

शनिवारी रेडिओवर पियानो नव्हता. निवेदक म्हणाला, पियानोवाला शिकागोला गेला. सोमवारी इझेलची आई आमच्या मागच्या दाराशी आली. हातात त्याचे रविवारचे बूट. "शिकागोला अनवाणी गेला का हो माझा पोरगा?" आईनं दार लावून घेतलं. डॉइल परत कधी गायला नाही.

त्याच आठवड्यात, कापूस वेचायची घाई असताना, तुझ्या आज्यानं त्याच्या रानातली जुनी विहीर बुजवली आणि वर मांस धुरवायची खोली बांधली. डिसेंबरात मी त्याच्याशी लग्न केलं. ज्याची भीती वाटते, त्याच्याच आड जाऊन उभं राहतं माणूस. एकोणचाळीस वर्षं तिथं हॅम टांगलेत. मी एक घास तोंडात घातला नाही. लहानपणी तू विचारायचीस ना, आजी का खात नाही?

इझेलला ओळखणारं कुणी आहे का, अशी तू पेपरात दिलेली जाहिरात तुझ्या आज्यानं कापून खिशात ठेवलीय. चार दिवसांत तीनदा विचारलं, "नोरीन सुट्टीला कुठल्या बसनं येणार?" आजवर त्यानं तुझा वाढदिवससुद्धा विचारला नाही. काल त्या खोलीला नवं कुलूप लावलंय.

म्हणून लिहिलं. येऊ नकोस. फोटो सोबत आहे. मागे विहिरीची जागा लिहून सही केलीय. आपल्या शेरीफकडे जाऊ नकोस, थेट लिटल रॉकला राज्याच्या पोलिसांकडे ने. मागच्या वेळी हा फोटो मी माझं तोंड दिसावं म्हणून पाठवला होता. या वेळी त्यांना इझेलचं बघू दे. आत्ताच तुझा आजा ओसरीवरून विचारतोय, कुणाला लिहितेस. म्हटलं, नोरीनला, पीच पायची कृती. म्हणाला, "मग बसचंही विचार." हो म्हटलंय. पाकीट मी पोस्टमनच्या हातातच देणार आहे.

तुझीच, आजपर्यंत तरी धडधाकट,
आजी आर्डिथ