मुक्ताचं रजिस्टर

नानाखेडा, उज्जैन

प्रिय आई,

वाकून नमस्कार. प्रिलिम्स निघाल्याचं फोनवर सांगितलंच. बाकीचं ऐकून तू पहिल्या बसने इथे आली असतीस, म्हणून पत्रात लिहिते.

पुढचं मागण्याआधी मागचे आभार मानावेत, असं तू म्हणतेस ना? म्हणून मी टावर चौकातून पेढे आणले आणि घरमालकीण प्रतिभाकाकूंकडे त्यांच्या मुलीचा, मुक्ताचा नंबर मागितला. माझ्या खोलीत तिचं नोट्सचं जुनं रजिस्टर होतं. त्याच्याच भरवशावर मी पास झाले.

काकूंनी पेढा आत नेऊन मुक्ताच्या फोटोपुढे ठेवला. तिला जाऊन तीन वर्षं झाली. मला माहीतच नव्हतं गं.

डोळे पुसत त्या म्हणाल्या, "सातच चॅप्टर लिहून झाले होते तिचे. फिर तबियत बिगड़ी."

आई, मी त्या रजिस्टरमधले चौदा वाचलेत. सगळे हिरव्या शाईत, त्याच तिरक्या अक्षरात. रोजचा चॅप्टर झाला की मी रजिस्टर मिटून ठेवायचे, पुढची पानं कधी चाळलीच नाहीत.

बाबा गोळ्या वेळेवर घेतात ना? एकटीला भीती वाटते का, असं विचारलं होतंस. वाटते थोडी. पण खोली सोडणार नाही, मेन्सचे सहा चॅप्टर अजून बाकी आहेत.

फक्त आता सकाळी क्लासला निघताना रजिस्टर उघडं ठेवते. शेजारी नवं हिरवं पेन, टोपण काढून. एवढं तरी आपण करायला हवं ना?

तुझ्या वळणाची,
इशिता