मॅडमची काच

छत्रपती संभाजीनगर,
३ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझे फोन येऊन गेले. उचलले नाहीत म्हणून रागावली असशील. फोनवर "बरी आहे गं" म्हणून मी मोकळी होते आणि ठेवल्यावर वाटतं, आपण काहीच सांगितलं नाही. कागदावर तसं करायला हात अडतो. आईला वाचून दाखवशील तेव्हा तब्येतीचा मजकूर गाळ. तसं गाळण्यासारखं काही नाही, पण तिला तेवढंच ऐकू येतं.

दाजींचा गुडघा कसा आहे? लासूरच्या मार्केटात मूग यायला लागला असेल. ते काही घरी बसायचे नाहीत.

कॉलेज चालू आहे. यंदाची बॅच मात्र मला कळत नाही. रक्त तपासायला शिकवायचं तर एक निरोगी रक्त लागतं, ज्याचे आकडे आधीच माहीत आहेत. त्याच्याशी ताडून पाहिलं की मुलांचा हात कुठं चुकतो ते समजतं. आमच्याकडं ते रक्त माझं असतं, नोकरीला लागल्यापासून. मुलं काचेच्या पट्टीवर त्याचा थेंब पसरतात, रंगवतात, सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. 'मॅडमची काच' म्हणतात तिला. मी पहिल्याच दिवशी बजावते: मॅडमची काच चुकत नाही. वेगळं दिसलं तर चूक तुमची.

यंदा सगळ्यांचंच चुकतंय.

त्यात एक मोनिका आहे, खुलताबादची. वडील सीताफळं विकतात. हात इतका हलका की सुई गेल्याचं कळत नाही. मी शिकवलेलं अक्षरशः पाळते. पेशंटला 'तुम्ही अमुक ना?' असं कधी विचारायचं नाही, घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो; त्याचं नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. तर ती मलाही विचारते, "मॅडम, नाव सांगा. पूर्ण." मी गंभीर चेहऱ्यानं सांगते आणि वर्ग हसतो.

पण तिच्या मोजणीत माझ्या पांढऱ्या पेशी भलत्याच जास्त येतात. पुन्हा कर म्हटलं. पुन्हा तेच. शेवटी म्हणाली, "मॅडम, माझं चुकलं आसंल. पण दर बारीला सारखंच कसं चुकंल?"

"सारखी चूक म्हणजे सवय. मोडा ती," मी म्हटलं.

या वाक्याला दर वर्षी हशा असतो. यंदा इंद्रजीतसुद्धा हसला नाही, जो भिंतीवरच्या पालीलाही हसतो. तो बुटांकडं बघत राहिला.

दुसरं म्हणजे रंग. रंगवलेल्या काचा आम्ही खिडकीत वाळत ठेवतो. मुलांच्या स्वतःच्या रक्ताच्या काचा गुलाबी दिसतात, माझ्या तेवढ्या निळसर. मी रंगाची बाटली बदलली. तरी निळसर. मग एक काच स्वतः घेतली आणि शंभर पेशी मोजल्या. सगळं नेहमीसारखं आलं, अगदी नेहमीचेच आकडे. मोजून मान वर केली तर सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता.

तेव्हापासून मी आत गेले की बोलणं थांबतं. फळ्याजवळ एक खुर्ची आणून ठेवलेली असते. कोण ठेवतं विचारलं तर कुणी सांगत नाही. काचा धुणाऱ्या द्वारकाबाई कधी नव्हे ते माझ्या टेबलावर चहा ठेवतात आणि पिऊन होईस्तोवर उभ्या राहतात. "लई वाळल्या तुम्ही," एवढंच. जिने चढताना थोडी धाप लागते, ते त्यांनी पाहिलं असेल. टोचल्या जागी जांभळं पडतं आणि उतरत नाही. नवशिके हात, दुसरं काय. पण मोनिकानं टोचलं तिथंही पडतं.

आता मला तिला नापास करावं लागणार. प्रॅक्टिकलचे गुण माझ्या हातात, आणि ते गेले तर तिचं वर्ष गेलं. मी कठोर होतेय का? की तिला वाचवण्यासाठी माझाच नियम वाकवायचा मोह होतोय? दोन्ही बाजूंनी विचार केला.

पुढच्या आठवड्यात मुलं माझी परीक्षा घेतील. ही आमची दर वर्षीची गंमत: कुठून तरी एखादी आजाराची काच मिळवतात, बिननावाची, आणि मी ओळखायची. अजून हरले नाही.

मी हा कोर्स करत होते तेव्हा तुझ्या बोटाला टोचायला आले होते, आठवतं? तू शेजारच्यांच्या घरात कडी लावून बसलीस. आई ओरडली होती, "अगं, सुई हाय ती, वाघीण नाय!"

आईला नमस्कार.

तुझी,
मंजू


२१ सप्टेंबर

ताई,

आई जवळ असेल तर हे पत्र आत्ता उघडू नकोस. तिला काय सांगायचं ते तू ठरव, मला ठरवता येत नाही.

परीक्षेची गंमत झाली. मोनिकानं काच आणून ठेवली. नाव नव्हतं. तसा नियम मीच केलेला. मी डोळा लावला आणि हरखले. खरंच हरखले, ताई. अशी काच शिकवायला वर्षानुवर्षं मिळत नाही.

म्हटलं, "या रे, एकेक जण या. या मोठ्या पेशी बघा. कोवळ्या आहेत, अजून घडायच्या आहेत, रक्तात यायला नको होत्या. आणि ही आतली बारीक लालसर काडी. काडी दिसली की शंका ठेवायची नाही. रक्ताचा कॅन्सर. कुठून मिळवलीत?"

कुणी पुढं आलं नाही.

"घाबरता काय? पेशंट इथं थोडाच बसलाय?"

इंद्रजीत भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग मोनिका माझ्या खुर्चीपाशी आली. तिनं मी शिकवलेलं सोडलं नाही.

"मॅडम, नाव सांगा. पूर्ण."

या वेळी वर्ग हसला नाही. मीही सांगितलं नाही. नुसती काचेकडं बघत राहिले. ती निळसर होती.

मुलं गेल्यावर द्वारकाबाईंनी पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. मी त्या दिवशी स्वतः मोजली होती, ती काच आत होती. "धुवायला घेतली व्हती, पण पोरी रडत व्हत्या हिच्यापायी. मला धुववंना मग."

मी ती लावली. कुठं शोधावं लागलंच नाही. पहिल्याच नजरेत त्या पेशी, काडीसकट, साऱ्या काचभर. मग त्या दिवशी मी शंभर मोजल्या त्या कुणाच्या, ताई? डोळा उघडा होता. बोटं मोजत होती. आकडे मी खोटे लिहिले नाहीत, एवढं स्वतःला पुन्हापुन्हा विचारून खात्री केली आहे. मला खरोखर निरोगी रक्त दिसलं होतं. आजारापेक्षा याचीच भीती जास्त वाटते. आता आरशात बघतानाही वाटतं, समोर जे दिसतंय ते आहे का?

मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासलं. तेच आहे. उद्या दाखल व्हायचं. आधी औषधं, मग जमलं तर दुसऱ्याच्या मूळ पेशी. त्यासाठी सख्ख्या भावंडांचं जुळतं का ते पहिल्यांदा बघतात. मला तू एकटीच. हे मागणं आहे का, की मागणं नाही असं भासवून मागणं आहे, यावर बरेच कागद फाडले. तर सरळ लिहिते. मागणं आहे. तुझं रक्त तपासायला हवं. नाही म्हणालीस तरी माझ्या मनात अढी राहणार नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं आहे की नाही मला माहीत नाही.

मोनिकाला पूर्ण गुण दिले. म्हणाली, "मॅडम, आसले मार्क नगं मला." तरी दिले. ते तिचेच होते.

काल कपाटाच्या चाव्या द्यायला गेले. मुलं खिडकीपुढं रांगेनं उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. तिथल्या माझ्या निळसर काचा मला दिसू नयेत म्हणून. मी 'अभ्यास करा' म्हणाले आणि निघाले. एक गोष्ट सांगायची राहिली: मॅडमची काच चुकत नाही, हे या बॅचला शेवटपर्यंत खरंच शिकवलं मी.

तू ये. मोनिका म्हणते, "तुमच्या ताईंचं रक्त मीच घेते, त्यांना कळायचं पण नाय." तिचा हात हलका आहे. ती तुला आधी नाव विचारेल. हसू नकोस, आणि कडी लावून बसू नकोस. पूर्ण सांग. मी त्या दिवशी सांगितलं नव्हतं, ते इथं लिहिते.

मंजुषा अप्पाराव साळवे,
वय शेहेचाळीस.