आत सोडलेलं कापड

प्रिय बॉबिन,

तुला आता या नावाने कुणी हाक मारत नसेल. तिथे कारखान्यात तुझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत म्हणे, ती तुला मॅडम म्हणत असतील. पण लिहायला बसले आणि हात आपणहून या नावाकडे गेला, मग जाऊ दिला. लहानपणी तू घरभर गरगर फिरायचीस आणि मागे दोऱ्याचं टोक सोडून जायचीस, म्हणून तुझ्या बाबांनी ठेवलेलं नाव. मी बरी आहे. गुडघा कुरकुर करतो, मी लक्ष देत नाही, असा आमचा संसार चालू आहे.

बातमी अशी की मी दुकानाचा माळा रिकामा करायला घेतला. बाबांना जाऊन अकरा महिने झाले आणि उरलेल्या तुकड्यांची सात पोती अजून वरच होती. तुला आठवतं ना, गिऱ्हाईक म्हणायचं, उरलेलं राहू द्या तुमच्याकडे, आणि ते खरोखरच राहायचं. समोरची बटणवाली रोज दारात उभी राहून मला ऐकवायची, “अगं, ती भुतं खाली उतरव एकदाची. माळ्यावरचे उंदीर मखमलीवर झोपतात आणि तू सतरंजीवर!” शेवटी एका दुपारी शिडी लावली. आता गोधडीसाठी तुकडे निवडायची माझी पद्धत ऐक, हसू नकोस. पंजा पुरा मावेल असा तुकडा पहिल्या उशीच्या खोळीत. तळव्याएवढा दुसऱ्या खोळीत. दोन बोटांच्या पट्ट्या टोकाला टोक शिवून त्यांचा गुंडा करायचा. त्याहून बारीक कातरण उशीत भरायची. रंग मी बघत नाही, फक्त फिकट आणि गडद बघते. डोळे किलकिले केले की कुठलाही तुकडा सांगतो आपण कुठल्या बाजूचे. चिंधी हा शब्द मी दुकानात कुणाला बोलू देत नाही. बटणवालीलासुद्धा नाही.

पट्ट्यांमध्ये मुलांच्या कपड्यांच्या फारच थोड्या निघाल्या. बाबा मुलांच्या कपड्यात शिवणीच्या आत तीन बोटं कापड सोडायचे. पोर वाढलं की शिवण उसवायची आणि कपडा सैल करायचा. मोठ्यांच्या कपड्यात अर्ध्या बोटाच्या वर एक धागा सोडायचे नाहीत. म्हणायचे, मोठी माणसं आता कुठे वाढतात, ती नुसती जाड होतात.

दुपारी ऊन काचेतून आत येतं. आधी कापायच्या मेजावर बसतं, मग मशीनवर, मग माझ्या मांडीवर. त्या उन्हात तुकडे लावता लावता डोळा लागतो, आणि मग गंमत होते बघ. दार उघडतं आणि गावातली माणसं एकेक करून आत येतात. प्रत्येकाच्या कपड्याला एक चौकोनी भोक. शाळेच्या बाईंच्या पाठीला, कुलूपवाल्याच्या खिशापाशी, त्या जुळ्यांच्या गुडघ्यांना. कुणी काही मागत नाही. मी खोळीत हात घालते, तुकडा काढते, भोकावर ठेवते आणि तो बरोबर बसतो. माणूस मान हलवून निघून जातो. असं सगळं गाव येऊन जातं, पण बाबा कधी येत नाहीत. जागी झाल्यावर कळलं का ते. सातही पोत्यांत त्यांच्या कपड्याचा एक तुकडा नाही. त्यांनी स्वतःसाठी कधी काही शिवलंच कुठे? तेच दोन सदरे, एक अंगात आणि एक दोरीवर.

मी वाचायला कशी शिकले ते तुला कधी सांगितलं नव्हतं. लग्नानंतर तुझे बाबा वर्तमानपत्राचे कागदी नमुने कापायचे आणि मी ते खिळ्याला अडकवायची. अडकवता अडकवता अक्षरं लावू लागले. बातमी रंगात आली की नेमकी काखेच्या गोलाईत कापलेली असायची. कितीतरी चोर अजून पकडायचे राहिलेत माझे. मग पुढचं मीच मनाने जोडायची. आता वाचनालयातून आख्खी पुस्तकं आणते, तरी पान उलटताना जिवाला धाकधूक होते की पुढे कापलेलं तर नाही ना. बाबांना मात्र अक्षरांचा कंटाळा. आकडे ते सुरेख काढायचे, पण गिऱ्हाइकाचं नाव लिहायची वेळ आली की कापडाच्या उलट्या बाजूला खडूने चित्र काढायचे. शाळेच्या बाईंचा चष्मा, कुलूपवाल्याची किल्ली. आणि तुझ्या फ्रॉकांवर एक गोल, मध्ये भोक, बाहेर लोंबणारा दोरा.

पोरी, आता तुझ्या आणि बाबांच्या भांडणाबद्दल लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही. तू तयार कपड्यांच्या कारखान्यात जाते म्हणालीस, त्या दिवशी ते म्हणाले होते, “ज्याच्या अंगाला टेप लावली नाही, त्याच्यासाठी कापडाला कात्री लावायची नसते.” तू म्हणालीस, “बाबा, जगाला लहान, मध्यम आणि मोठा एवढं पुरतं.” त्यांनी कात्री खाली ठेवली. तू त्याच आठवड्यात बॅग भरलीस. तुमच्या दोघांचा स्वभाव एकाच ताग्यातला, तेव्हा आठ वर्षं कोण आधी वाकणार? मग ते गेले तेव्हा तू आलीस, एक दिवस राहिलीस, आणि निघताना मशीनच्या चाकावर हात ठेवून मला विचारलंस, “आई, बाबा कधी माझं नाव काढायचे का गं?” मी म्हटलं, नाही. मला गोड बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि ते खरंच काढत नव्हते. तू मान हलवलीस आणि गेलीस. तेव्हापासून तुझी चार ओळींची पत्रं येतात, तब्येतीला जप म्हणून.

सातव्या पोत्याच्या तळाशी एक गुंडाळी निघाली, राखी-निळ्या लोकरी कापडाची, त्याच कापडाच्या पट्टीने बांधलेली. सोडली तर आत कापलेला कोट होता, बाईमाणसाचा. पाठ, पुढचे दोन भाग, कॉलर, बाह्या, सगळं कापलेलं, शिवलेलं काही नाही. चिठ्ठीही नाही. अशी कापून पडलेली कामं आपल्याकडे पूर्वीही असायची, गिऱ्हाईक गाव सोडून जायचं आणि कापड राहायचं. मला वाटलं, तसंच काहीतरी. कापड इतकं छान होतं की मी हावरटासारखी पुठ्ठ्याचा चौकोन घेऊन बसले. पाठ कापली, पुढचे भाग कापले, एक बाही कापली. दुसरी बाही उद्यासाठी बाजूला ठेवली. चौकोन उलटे मांडले, इस्त्री तापवली, आणि टेकवणार तोच एका चौकोनावर खडूची रेघ दिसली. अर्धा गोल. नुसता अर्धा. मी म्हटलं, वाटी असेल कुणाची. शेजारच्या चौकोनावर दोऱ्यासारखं शेपूट होतं. मी ते दोन्ही तुकडे एकमेकांना लावले.

इस्त्री हातात तशीच होती. किती वेळ धरली होती कोण जाणे, मनगटाला दुसऱ्या दिवशी कळ आली. शिंप्याची बायको मी, आणि शिंप्याने कापलेला शेवटचा कोट मीच कापून ठेवला. बटणवालीकडे गेले, मला कुणाला तरी सांगायचं होतं. तिने हातातला बटणांचा डबा बाजूला सारला. मग म्हणाली, गेल्या वर्षी थंडी सरताना ते पाच लाकडी बटणं घेऊन गेले होते. तिने चिडवलं, “काय मास्तर, कुणासाठी एवढी भारी बटणं?” तर म्हणाले, “गिऱ्हाईक लांबचं आहे.” बटणं त्यांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत सापडली. गुंडाळी त्यांनी पोत्याच्या तळाशी लपवली असणार. या घरात एक बाई कधी ना कधी पोत्याच्या तळापर्यंत पोचतेच, हे ते विसरले, की त्यांना तेच हवं होतं, ते मला सांगता येत नाही. मी तुकडे जोडते खरी, पण हा जोडायचं धाडस होत नाही.

या पार्सलात जी गोधडी आहे ती त्या कोटाची. कडेने बाकीचं गाव लावलंय, मध्ये तू आहेस. कापडाची उलटी बाजू मी मुद्दाम वर घेतली आहे, आणि खडूच्या रेघा पुसून जातील म्हणून प्रत्येक रेघेवरून पांढरा दोरा घातला आहे. बिनधास्त धू. बॉबिन सापडेल तुला, मापांचे आकडेही सापडतील. तुला टेप न लावता त्यांनी ते काढले आहेत, स्वतःचाच नियम मोडून. कडेला दोन रेघा शेजारी शेजारी जातात त्या नीट बघ. एक शिवणीची आणि एक कापायची. मी बोटं ठेवून पाहिलं. तीन बोटांचं अंतर आहे. आठ वर्षांत तू केवढी झाली असशील ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी जागा सोडली, लहान मुलांना सोडायचे तशी. तेव्हा मशीनपाशी तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं, ते दुरुस्त करायला हे पत्र. दुसरी बाही मी कापलेली नाही. ती आणि पाच बटणं मेजाच्या खणात आहेत. तुला सवड होईल तेव्हा ये, बाही टाचून देते, एकदा हात घालून बघ. लांब झाली तर दुमडू. आखूड झाली तर आत कापड आहेच.

तुझीच,
आई