शिळे आभार

९ जानेवारी

ती. दादास,
प्रभूमध्ये चिमणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीने खाली दोन ओळी खरडल्या आहेत, त्या तुझ्या दोन पानांपेक्षा जास्त कामाच्या आहेत, हे तिला जरूर सांग.

आम्ही गॅरेजच्या वरच्या खोल्यांत राहायला आलो. खाली दिवसभर पत्रे ठोकत असतात, त्यामुळे वर कुणी कितीही आवाज चढवला तरी खाली पत्ता लागत नाही. ह्यांना तिथेच फोरमन केलं आहे. मीही घरात त्यांना फोरमन म्हणते, म्हणजे ते खूश असतात. उपासनेत गाणं तेच धरतात आणि त्यांच्या आवाजाने खिडक्यांच्या काचा थरथरतात. म्हाताऱ्या बायका माझा हात धरून सांगतात, की नवरा मिळावा तर असा. मी अजून चादरींना काठ घालायच्या कामावर जाते. तिथली मशीन चांगली आहे, बायका त्याहून चांगल्या.

खोल्यांचा जिना लोखंडी, उभा, आणि त्याला कठडा नाही. परवा पाय घसरला. घाबरू नकोस, बरी आहे.

बाबांचा नियम मी सोडलेला नाही. जेवणाआधी प्रत्येकाने एक आभार आणि पत्राच्या शेवटीही एक, आणि तो ताजा हवा. तू रोज उशीचेच आभार मानायचास म्हणून बाबांनी तुला एकदा ताटावरून उठवलं होतं, की शिळे आभार देवाला चालत नाहीत. तर आजचे माझे आभार असे, की पडले तेव्हा दात गेला तो मागचा. हसले तरी दिसत नाही.

आहे तो जीव माझ्यावर असू दे.
तुझी,
चिमणी


२२ जानेवारी

चि. चिमणीस,
दादाचा प्रभूत सलाम व अ. आ.

आठ दिवस पत्र लिहायला बसतो आणि उठतो. वखारीत मोठ्या करवतीचा पट्टा तुटला. तुटकं टोक उलटून आमच्या मिस्त्रींच्या मानेवर बसलं. मी हातभर अंतरावर उभा होतो. माझी पेन्सिल कानावर असून मी ती जमिनीवर शोधतो, असं ते हसत हसत सांगत होते आणि ते सांगणंही पुरतं झालं नाही. माझ्या सदऱ्यावर, भिंतीवर, सगळीकडे रक्त उडालं. खालच्या भुशाने ते इतक्या पटकन पिऊन टाकलं, की मला त्या भुशाचाच राग आला. दुपारी नवा भुसा पसरला आणि संध्याकाळच्या आत करवत पुन्हा चालू झाली.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. माणूस किती थोडा असतो, चिमे. जो दिवस मिळाला तो देवाच्या हातून आला एवढं म्हणावं आणि कुरबुरीत घालवू नये. मेहुण्यांचा आवाज कधी चढत असेल, तर तू पड खा. शब्दाने शब्द वाढतो.

तुझी वहिनी मात्र माझ्यावर उखडली आहे. ती म्हणते, जिन्यावरून पडलेल्या माणसाचे गुडघे फुटतात, मागचा दात कसा जातो ते तुमच्या बहिणीला विचारा. मी तिला म्हटलं, नसत्या शंका काढू नकोस, मेहुणे प्रार्थनाशील आहेत. त्यावर तिने सांगितलं, की बगळाही एका पायावर उभा राहून डोळे मिटतोच. तिच्या तोंडाला कोण लागणार!

शंका काढण्यापेक्षा काम करावं. मिस्त्रींच्या वाट्याचं थोडं कठीण लाकूड मालकांनी मला दिलं. त्यातून तुझ्या जिन्यासाठी कठड्याचे दांडे कातायला घेतले आहेत. मेहुण्यांना वेगळं पत्र टाकून जिन्याचं माप मागवतो.

आजचे आभार तुटलेल्या पट्ट्याने मला सोडलं म्हणून. का सोडलं ते कळलेलं नाही.

तुझ्यावर लोभ आहेच, तुझाही असावा.
दादा


२६ फेब्रुवारी

ती. दादास,
प्रभूत सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहिते आहे. वहिनीला म्हणावं, आता तरी माझं अक्षर तुझ्याइतकं वाईट झालं.

दांडे पोचले. काय देखणं काम केलं आहेस! फोरमननी एका सुट्टीत कठडा उभा केला आणि पाळकसाहेबांना मुद्दाम बोलावून दाखवला. मेव्हणा हातचा कसबी आहे, असं सगळ्यांना सांगतात. एक दांडा जास्तीचा उरला, तो त्यांनी वर आणून दारामागे ठेवला आहे.

रविवारी उपासनेत मी गाण्याची एक ओळ ह्यांच्या आधी उचलली. चूक माझीच. लोक हसले, म्हणजे दोघे-तिघेच हसले. घरी आल्यावर मनगट मोडलं. दवाखान्यात फोरमननी जिन्याचं सांगितलं. डॉक्टरांनी पट्टी बांधता बांधता विचारलं, की जिन्याला कठडा का नाही बसवत. मी सांगितलं, बसवला आहे, भावाने पाठवला. त्यानंतर ते माझ्याकडे न बघता पट्टी बांधत राहिले. पालथं झोपावं लागतं, एवढंच. खालचे पत्रे ठोकणं चालूच असतं.

तुझं मिस्त्रींबद्दलचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते. माणूस थोडा असतो, हे खरं.

आजचे आभार तुझ्यामुळे. दांडा तू इतका घासून गुळगुळीत केला आहेस, की पाठीत एक कुसळ गेलं नाही.

रागावू नकोस, आणि विसरू नकोस.
चिमणी


२ मार्च

चि. चिमणीस अ. आ.

तुझं पत्र वहिनी मोठ्याने वाचत होती. शेवटच्या ओळीवर ती थांबली, कागद माझ्या हातात दिला आणि परसात जाऊन उभी राहिली. मी ती ओळ वाचली. मग वखारीत गेलो, लेथवर चढवलेला ओंडका खाली ओढला आणि कुऱ्हाडीने त्याचा चुरा होईपर्यंत घाव घालत राहिलो. मालक दारात उभे होते, त्यांनी मला अडवलं नाही.

मी तुला पड खा म्हणून लिहिलं, आणि वर त्याला मारायला लाकूड कातून पाठवलं. पॉलिश पेपरने घासून!

सत्तेचाळीस वर्षं मी कुणावर हात उगारलेला नाही. आता डोळे मिटले, की त्याचं गाणारं तोंड दिसतं आणि मी ते मधोमध फोडलेलं दिसतं. प्रार्थनेला बसलो तरी तेच, आणि खरं सांगतो, ते बघून मला बरं वाटतं. वहिनी म्हणते, चिमणीला घेऊन या, बाकी देवावर सोडा. मी तिला सांगितलं, की देवाकडे पुष्कळ वेळ आहे, चिमणीकडे नाही.

शनिवारी निघतो. कुऱ्हाड पोत्यात असेल. मी आलो, की तू शेजारी जाऊन बस आणि कान झाकून घे. माझं जे व्हायचं ते होईल, नाहीतरी माणूस थोडाच असतो.

आज आभार मानवत नाहीत.
दादा


६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कुऱ्हाड घरी ठेव. हे पत्र तू निघायच्या आत पोचू दे, अशी हात जोडून विनंती करते. मी त्या खोल्यांत नाही. पाळकसाहेबांच्या घरी आहे, सुखरूप आहे.

झालं असं. काल संध्याकाळी फोरमननी पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि गाण्यातल्या दोघींना जेवायला बोलावलं होतं. आमच्या घरी प्रत्येक जण ताजे आभार मानतो, ही रीत त्यांना पाहुण्यांपुढे मिरवायची होती. सगळ्यांनी मानले. कुणी नातवाचे, कुणी गुडघेदुखी थांबल्याचे. माझी पाळी आली. तुझं पत्र दुपारीच मिळालं होतं, त्यामुळे तू येणार आणि काय घेऊन येणार ते मला ठाऊक होतं. मी डोळे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, की देवा, फासळ्या दोनच मोडल्या, एका कानाने अजून ऐकू येतं, आणि पाठीला इस्त्री लावली तेव्हा ती नुकतीच तापत होती, याबद्दल तुझे उपकार मानते.

तो आधी हसला. मग त्याने माझे केस धरून डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, पाहुण्यांसमोर, एकदा आणि परत. बश्या फुटल्या, माझ्या डोळ्यात रक्त उतरलं. गाण्यातल्या दोघी किंचाळल्या. पाळकसाहेबांचे डोळे मिटलेलेच होते, बिचारे आमेनची वाट बघत होते. पाळकीणबाईंनी मात्र पातेल्यावरचं लोखंडी झाकण उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो खाली बसला, तशा त्या त्याच्या छातीवर बसल्या. त्यांचं वजन तुला माहीत नाही, पण त्याला आता माहीत आहे. गॅरेजमधले लोक वर आले, पोलीस आले, मला टाके पडले. त्याला चौकीत नेऊन लिहून घेतलं आणि सकाळी सोडलं, म्हणजे तो आता परत त्या खोल्यांतच आहे. म्हणूनच घाईने लिहिते.

माणूस थोडा असतो, हे तू मला लिहिलंस. मला पटलं आहे. तेवढ्यासाठीच ते थोडंसं मी त्याच्या मुठीखाली घालवणार नाही. देवाने दिलेल्या देहाचे आभार मानायचे आणि तोच देह रोज कुणाला फोडायला द्यायचा, हे कुठले आभार? आणि माझं सुटलेलं आयुष्य मी तुरुंगाच्या जाळीतून तुझं तोंड बघण्यात घालवू का? माझा दादा मला बाहेर हवा आहे.

वहिनीच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.
चिमणी


१० मार्च

चि. चिमणीस,
प्रभूत सलाम व अ. आ.

तुझं पत्र मी निघाल्यावर पोचलं. वहिनीने ते परत आल्यावर हातात दिलं. तुझ्या गावापर्यंत येऊन तुला न भेटता का फिरलो, ते लिहितो.

जिन्याच्या पायथ्याशीच तो भेटला. तोंड सुजलेलं होतं. मला पाहून त्याने दादा म्हणून सलाम केला, जसं काही मी माप घ्यायला आलो आहे. पोतं सोडायलाही मला धीर नव्हता. मी त्याचा गळा धरला आणि त्याला भिंतीला दाबला. त्याचं डोकं विटांवर आपटल्याचा आवाज आला आणि मला तो गोड लागला. त्याने माझ्या हातावर नखं ओढली, मी आणखी दाबलं. त्याचे डोळे बाहेर यायला लागले.

तेव्हा माझ्या अंगठ्याखाली त्याचा श्वास लागला. एवढ्या आवाजाचा माणूस, पण गळ्यात श्वास इतकासाच. पाखरू मुठीत धरावं तसा तो आत फडफडत होता. मिस्त्रींचा गेला तो असाच असणार, तुझा टेबलापाशी जाता जाता राहिला, हे घरी येऊन तुझ्या पत्रात वाचलं, तोही असाच, आणि माझाही दुसरा कसला नाही. तो त्याला मी दिलेला नव्हता. दया आली म्हणून सोडलं, असं लिहिलं तर खोटं होईल. मला भीती वाटली, त्या श्वासाची आणि तो देणाऱ्याची. हात सुटले. तो गुडघ्यांवर कोसळून ओकत राहिला.

गॅरेजवाल्यांनी सांगितलं, तू पाळकसाहेबांकडे आहेस, बरी आहेस. दोन गल्ल्या चाललो आणि परत फिरलो. ज्या हातांना अजून त्याच्या गळ्याची ऊब होती, ते तुझ्या डोक्यावर ठेववेनात. वहिनी मला वेडा म्हणाली आणि मग माझे हात धुऊन दिले.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं गाडी घेऊन येतो. तू घरी चल. इथे खोली झाडून ठेवली आहे.

आजचे आभार ते हात सुटल्याचे. हे आयुष्यभर मानले तरी शिळे होणार नाहीत.

येईपर्यंत सांभाळून राहा.
दादा


२ एप्रिल

ती. दादास व सौ. वहिनीस,
प्रभूत सा. न. वि. वि.

तुम्ही आलात, रडलात, आणि मी तुमच्याबरोबर न आल्याने रागावून गेलात. वहिनी कमी रागावली, कारण तिला समजलं. राग उतरला असेल तर वाचा.

परवा पाळकसाहेब त्याचा निरोप घेऊन आले. तो साऱ्या मंडळीपुढे गुडघे टेकायला तयार आहे, मी परत जावं. क्षमा हा आपला धर्म आहे, असं ते हळूच म्हणाले. मी त्यांना सांगितलं, क्षमेसाठी रोज प्रार्थना करते, एखाद दिवशी जमेलही. पण क्षमा करायला एका छताखाली राहावं लागत नाही, ती मी इथूनही करीन आणि कोर्टात खरं बोलूनही करीन. आतून पाळकीणबाईंनी भांडं आपटलं. पाळकसाहेब चहा न घेता उठले.

कामावरच्या एका बाईच्या घरी वरची खोली मिळाली. लहान आहे. एक खाट, एक खुर्ची, मशीन ठेवायला खिडकीजवळ जागा. मनगट वाकडं जुळलं आहे, पण काठ सरळ येतो. कधी कधी जिन्यावर पाऊल वाजलं, की मी खाटेखाली जाते आणि मग स्वतःवरच चिडून बाहेर येते. घरमालकीण दर वेळी खालूनच ओरडून सांगते, की मीच आहे गं.

तुमच्याकडे आले असते तर तुम्ही मला फुलासारखं जपलं असतं, हे मला माहीत आहे. पण दादा, मला अजून थोडं जगायचं आहे, ते माझ्या हाताने.

या खोलीच्या दाराला आतून कडी आहे. ती मी लावते, आणि मीच काढते.

उन्हाळ्यात या, दोघंही.
तुमची,
चिमणी