अंजूची अमेरिका

५ जानेवारी, सोमवार
आधी शेजारची सरजाबाईच आली, पिठाच्या हातानं. तिला कोण सांगतं कळत न्हाई, पण आमच्या अंजूचं नाव कॉलेजच्या वादविवादाला लागलं, हे तिला माझ्याआधी ठाऊक. मग चहा झाला. विषय लई मोठा हाय. तैवानपाशी समुद्रात अमेरिकेनं लढाईची जहाजं ठेवावीत का. चीन म्हणतो तैवान माझा, तैवान म्हणतो मी कुणाचा न्हाई. अंजूनं एकदा सांगितलं अन् मला समजलं. चौथी शिकले, पण दोन सुनांचं घर चालवते.

६ जानेवारी
नातीला मुद्दा दिला. ठेवावीत. मोठं माणूस मधी बसलं की बारके भांडत न्हाईत. माझंच बघ म्हणलं. तुझी आई शिवगंगा अन् काकू शिवकन्या सैपाक करतात तवा अठरा वर्षं मी मधोमध पाटावर. मिठा-तिखटाचे डबे मांडीशी. झालं का कधी भांडण? ती म्हणली, अव्वा, तुला तिथं बस म्हणलं कुणी? म्हणलं, बोलावण्याची वाट बघितली असती तर घर फुटलं असतं. लगेच वहीत उतरवलं. गुणी पोरगी.

८ जानेवारी
मुद्दा माझा हाय हे कुणाला सांगायचं न्हाई असं ठरवलं. फक्त सरजाबाईला सांगितलं. अन् गिरणीत.

१० जानेवारी, शनिवार
वादविवाद ऐकायला इरकल नेसून कॉलेजात पहिल्या रांगेत बसले. अंजू उठली ती विरोधात बोलायला. म्हणली, एक अव्वा दोन सुनांच्या मधी अठरा वर्षं पाट टाकून बसलीय. त्या दोघींत भांडण नव्हतंच. ते होईल ही भीती अव्वाच रोज ताटात वाढते, म्हणजे पाट हालत न्हाई. सगळा हॉल हसला. मी बी हसले, कुणाची का असंना अव्वा. मग कळलं. पहिली टाळी शिवगंगाची.
पहिला नंबर आला. घरी येऊन अंजू म्हणली, रागावलीस? म्हणलं, माझ्या मांडीवर वाढलीस तू. म्हणली, म्हणूनच एवढं बारीक माहीत.

११ जानेवारी, सकाळ
आता सैपाकघरात पाऊल टाकायचं न्हाई. दोन दिवसांत बोलवायला येतील.
दुपार. आत दोघी हसत होत्या. मला ऐकू यावं म्हणून, दुसरं काय.

१३ जानेवारी, भोगी
भोगीची भाजी माझ्याबिगर झाली. मीठ बरोबर होतं. होतं एखाद्या वेळी.

१६ जानेवारी, शुक्रवार
कॉलेजचे विरूपाक्ष सर दोन पोरी घेऊन आले. आता लातूरला पुढची फेरी, त्यात विषय हाच, पण जहाजं काढून घेतल्यावर काय होतं ते बी सांगायचं. मी पदर सावरून सुरू केलं, काय सांगू सर, घर मोडायला आलंय. सर म्हणले, अव्वा, तुम्ही बसा निवांत. अन् गेले सरळ सैपाकघरात, सुनांना विचारायला. शिवकन्या म्हणली, पहिल्या दिवशी डबे कुठं ठेवावेत समजंना, बाकी काही न्हाई. पोरींनी लिहून घेतलं.
म्हणलं, सर, पाच-सहा दिवसांत काय कळतंय? ते म्हणले, खरंय, आणखी थोडं बघू. गुरुवारी परत येतो.
तवर सैपाकघरात एकदा तरी भांडं आदळलं पाहिजे, देवा.