ताईला आधी सापडलेलं स्टेशन

पप्पा, महिन्यापूर्वी एका सकाळी ताईने मला एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, 'ऐक, पप्पांचं रॉक. इंटरनेटवरचा रेडिओ आहे, फुकट, जाहिराती पण नाहीत.' मी कंपनीच्या बसमध्ये होते, महाळुंग्याला फर्स्ट शिफ्टला चालले होते. लावलं, आणि तुमची ती गिटार कानात शिरली, मागोमाग छातीवर आदळणारे ड्रम. डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. मला मात्र रागच आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचं काही सापडायचं ते आधी तिलाच.

पिंपरीतलं आपलं घर. सकाळी सगळ्या चाळीसारखी आपल्याकडेही भीमगीतं. पण रविवारी जेवणं उरकली की तुम्ही शॉर्टवेव्हचा रेडिओ खिडकीत ठेवायचात. तुमच्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या कुणा जर्मन इंजिनिअरने तुम्हाला या संगीताची चटक लावली, असं आई सांगायची. ताई खिडकीशी उभी, तिच्या हातात एरियलची तार. तो मान मला हवा होता. मी दारात उभी राहून एकदा विचारते, "पप्पा, हा माणूस एवढा ओरडतो का?" तुम्ही वळूनही बघत नाही. "गप गं! स्टेशन पळालं बघ. जा, आईला भांडी घासू लाग." मी जाते. मोरीपर्यंत तुम्हा दोघांचं हसणं ऐकू येतं. त्यानंतर मी खिडकीकडे फिरकले नाही, आणि तुम्हीही कधी हाक मारली नाहीत.

म्हणून आता हट्टाने शोधायला बसले. ताईच्या स्टेशनपेक्षा भारी स्टेशन मला हवं होतं. फुकट म्हणणारी पुष्कळ निघाली, पप्पा. एक तीन गाणी वाजवून कार्डाचा नंबर मागायचं. एकावर गाण्यापेक्षा निवेदकाचीच बडबड जास्त. एकाच्या नावात रॉक, आणि वाजवायचं रडकी प्रेमगीतं. एक चांगलं होतं, पण बस चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकली की तेही अडकायचं. शेवटी एक मिळालं. कुठल्याशा थंड देशातला म्हातारा घरातून चालवतो. बोलण्याआधी खोकतो, गाण्याचं नाव सावकाश सांगतो आणि बाजूला होतो. जुनी, तुमच्या काळातली गाणी. गेल्या रविवारी मी फोन घेऊन थेट वाकडला, ताईच्या फ्लॅटवर.

ती कणीक मळत होती. दोन गाणी तिने मळता मळता ऐकली. "कुठे मिळालं गं तुला?"

"शोधलं."

"माझ्यापेक्षा चांगलंय," ती सहज म्हणाली. मी खूश होणार, तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "तेव्हा मला हे काही आवडायचं नाही, अजूनही नाही. हात भरून यायचा तार धरून. खाली केला की पप्पा खेकसायचे. तू आत आईजवळ बसून भाजलेला बोंबील खायचीस, वास यायचा मला. वाटायचं, मलापण हाकलावं."

"मग हसत काय होतात दोघं?"

"पप्पा हसायचे. स्टेशन स्वच्छ लागलं की डोळे मिटून, लहान मुलासारखे. त्यांना बघून मी हसायचे." मग कणकेला तेलाचा हात लावत म्हणाली, "त्यांना तसं हसताना तू कधी बघितलंच नाहीस, नाही का?"

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. तरी मी चहा न घेता उठले. रिक्षात बसल्यावर कळलं, स्टेशनं कितीही शोधली तरी तो चेहरा तिच्याकडेच राहणार. कंपनीत तुम्ही कडक, घरात गप्प, मला आठवता ते तेवढेच.

हे सगळं फोनमध्ये लिहितेय, तिथेच राहील. ताईला दाखवणार नाही. रोज बसमध्ये त्या म्हाताऱ्याचं स्टेशन लावते. पण पप्पा, खरं सांगू? मला हे संगीत अजून आवडत नाही. दुसऱ्या गाण्यालाच डोकं दुखायला लागतं. ताईला आवडायच्या आधी मला आवडावं, म्हणून ऐकतेय.