आईच्या नावाची पत्रं

ता. १० मे ४४, तळेगाव
बेचाळीसच्या चळवळीत पकडलेले हे आज तुरुंगातून सुटून आले. एकवीस महिने, पैकी शेवटचे अकरा एकट्याच्या कोठडीत. स्टेशनवर मी ओळखलंच नाही, चुलतदिरांनी ओळखलं. घरी येऊन दारासमोर उभे राहिले ते राहिलेच. दार नुसतं लोटलेलं होतं. मी उघडलं तेव्हा आत आले. "आई कुठाय?"
तोंडून निघून गेलं, "मागच्या महिन्यात गेल्या."
खोटं. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं.

१२ मे
इथे तरी खरं लिहावं. सासूबाईंना लिहिता येत नसे. त्या सांगत, मी लिहीत असे. तुरुंगात महिन्याला एकच पत्र जाऊ देत, ते आईचं. तळाशी माझा एका ओळीचा नमस्कार. त्या गेल्या त्याच आठवड्यात ह्यांना एकटं ठेवल्याचं कळलं. अशा माणसाला काय कळवणार? लिहीत राहिले. अक्षर आधीपासून माझंच, संशय येणार कुठून! 'बाळ दत्तू, अनेक आशीर्वाद.' उखाण्याशिवाय नाव न घेणारी मी, आईच्या आडून बिनदिक्कत घेत होते.

१६ मे
मागची खोली सोडत नाहीत. पाच पावलं, भिंत, वळून पाच पावलं. उजेड सोसत नाही. दोघं बोलू लागले की कान झाकतात. वर्गात साठ पोरांचा कालवा ऐकत शिकवणारा माणूस हा! जेवून झालं की ताट उंबऱ्याबाहेर सरकवतात आणि भिंतीकडे तोंड. "भाजी बरी होती का?" पुन्हा पाच पावलं सुरू.

१९ मे
आज आवाज ऐकला. दाराशी कान लावला.
"आई, आमटी खारट होती ग आज."
मला सांगितलं असतं तर मीठ कमी घातलं असतं. रडू आलं आणि रागही.
ताटाच्या कडेला एक घास रोज तसाच राहतो. आज उलगडा झाला. 'जेवताना पहिला घास माझ्या नावाने काढ, म्हणजे मी शेजारी बसले आहे असं समज.' हे पत्रात होतं. कार्तिकातल्या. सासूबाई तेव्हा कुठे होत्या? मीच लिहिलं, ओट्याशी बसून.
म्हणजे अकरा महिने बोलत आले ते माझ्याशीच. आणि समोर मी उभी तर...

२४ मे
डॉक्टर आले. नाडी पाहिली, हे भिंतीकडेच. बाहेर येऊन म्हणाले, "एकटेपणात माणूस सोबत निर्माण करतो, तिच्यावरच तगतो. वाट पाहा. नाहीच जमलं तर वेड्यांच्या इस्पितळाचा विचार करावा लागेल."
तिथेही कोठडीच की!

२८ मे
गुरुजी सांगून गेले. वर्षश्राद्ध ज्येष्ठ वद्य पंचमीला, ११ जून. "मुलगा आता घरी आहे, त्यानेच बसायला हवं."
मागच्या महिन्यात गेलेल्या आईचं वर्षश्राद्ध! एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लावून किती दिवस उभं करणार?
वराळ्याच्या साळूमावशी दूध घालायला आल्या. त्यांना सगळं ठाऊक आहे.
"सांगून टाक बाई."
"सांगितलं तर त्यांची एकुलती सोबत जाईल, मावशी."
"आन न्हाई सांगितलं तर? जित्या बायकूनं दाराभाईरच ऱ्हायाचं व्हय?"

६ जून
वटपौर्णिमा. वडाला सूत गुंडाळलं. सात जन्मांचं नंतर बघू, या जन्मातला माणूस खोलीबाहेर येऊ दे, एवढंच मागितलं. घरी येऊन नमस्काराला वाकले तर हे दचकून भिंतीला चिकटले. मग पुटपुटले, "आई, ही कोण सारखी येते?"
मी स्वयंपाकघरात गेले. पुढे काय झालं ते लिहीत नाही.

९ जून
दुपारी खोली झाडताना उशाखाली पत्रांचं पुडकं सापडलं. घड्यांवर कागद विरून फाटायला आलेला. जागोजाग जेलवाल्यांनी शाई फासलेली. प्रत्येकाच्या तळाशी माझा नमस्कार मात्र शाबूत. तो त्यांनी एकदा तरी वाचला असेल का?

१० जून
सकाळी लिहायला बसले. सवयीने 'बाळ दत्तू' लिहून बसले, खोडलं. मग मायनाच सुचेना. बायको म्हणून ह्यांना मी कधी पत्र लिहिलंच नाही. शेवटी मायन्याशिवाय लिहिलं: आई ज्येष्ठात गेल्या, मागच्या वर्षी. नंतरची पत्रं माझी. घासाचं मीच लिहिलं होतं. हवं तर रागवा, पण माझ्यावर रागवा.
दुपारच्या ताटाखाली ठेवलं. ताट बाहेर आलं नाही. संध्याकाळीही नाही. आत बोलण्याचा आवाज नाही, पावलांचाही नाही. काय करून बसले मी?

११ जून
सकाळी ताट उंबऱ्याबाहेर होतं. चिठ्ठी नाही. कडेला घास, कालचे, वाळलेले. एक नाही. दोन.
आत अजून सामसूम. दार मी उघडलेलं नाही. त्यांनीच उघडावं असं वाटतं, आणि भीतीही वाटते.
एक घास सासूबाईंचा म्हणून कावळ्याला ठेवून आले. दुसरा माझ्या नावाचा असावा, तो हातात घेऊन बसले आहे. गुरुजी आले वाटतं, बाहेर खडावांचा आवाज.